जुन्या दुचाकीच्या चार्जिंग व्यवस्थेचे नूतनीकरण : खानदेशाच्या संदर्भात

प्रस्तावना :
१९७२ मध्ये बाजारात आलेल्या चेतक व लुना या वाहनांनी महाराष्ट्रात दुचाकी सर्वसामान्यांच्या आवाक्यात आणली. अशी जुनी वाहने आजही शेतीच्या कामी येतात. कृषिपंपांना रात्रपाळीत वीज असते, तेव्हा जळगाव व धुळे जिल्ह्यांतील शेतकऱ्याला अंधारात शेत गाठावे लागते. खड्डा पाहून वेग कमी करताच जुन्या वाहनाचा दिवा मंदावतो. म्हणजेच प्रकाशाची गरज सर्वाधिक असते, नेमका त्याच क्षणी तो घटतो. सदर दोषाची कारणमीमांसा व उपाय स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मूळ रचना :
या इंजिनांत फ्लायव्हीलमधील चुंबक स्थिर कॉइलभोवती फिरतात. फॅरडे यांनी १८३१ मध्ये मांडलेल्या तत्त्वानुसार निर्माण होणारा विद्युतदाब वेगाच्या प्रमाणात असतो. बॅटरीविरहित रचनेत दिवा थेट कॉइलवर चालतो, त्यामुळे वेगाबरोबर प्रकाशही बदलतो. बॅटरी असलेल्या साध्या रचनेत बहुधा एकच डायोड असतो व प्रत्यावर्ती प्रवाहाची अर्धी लहर वाया जाते.

बदलाचे स्वरूप :
१) दिव्याची कॉइल दुप्पट वेढे व निम्म्या छेदाची तार घेऊन पुन्हा भरावी. त्यामुळे ६ व्होल्टऐवजी १२ व्होल्ट मिळतात. ठिणगीची कॉइल मात्र बदलू नये. बॅटरी उतरली तरी इंजिन सुरू होण्याचा गुण त्यामुळे टिकतो.
२) कॉइलचे अर्थिंग सोडवून दोन्ही टोके स्वतंत्रपणे बाहेर काढावीत.
३) ही टोके पूर्णलहरी रेग्युलेटर-रेक्टिफायरला जोडावीत. तो तापत असल्याने हवेशीर धातुपृष्ठावर बसवावा.
४) १२ व्होल्टची बॅटरी, फ्यूज, दिवे व हॉर्न बसवावेत.

३६ वॅटच्या भारास ६ व्होल्टवर ६ अँपिअर, तर १२ व्होल्टवर ३ अँपिअर प्रवाह लागतो. उष्णतेचा व्यय प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने त्याच वायरिंगमधील व्यय एक-चतुर्थांश होतो. तसेच दोन डायोडमधील सुमारे १.४ व्होल्टची घट १२ व्होल्टच्या मानाने कमी जाचक ठरते.

मर्यादा :
या बदलाने मॅग्नेटोची मूळ शक्ती वाढत नाही. भार निर्मितीपेक्षा अधिक झाल्यास बॅटरी हळूहळू उतरणारच; म्हणून कमी वॅटचे एलईडी दिवे उपयुक्त ठरतात. खानदेशातील उन्हाळा ही दुसरी मर्यादा होय. २५ अंश सेल्सिअसला योग्य असलेला १४.४ व्होल्टचा दाब ४५ अंशांना साधारण १४ व्होल्टवर आणणे इष्ट असते. अन्यथा शिसे-आम्ल बॅटरीतील पाणी लवकर आटते. मध्यम वेगात बॅटरीच्या टोकांवर १५ व्होल्टहून अधिक दाब आढळल्यास रेग्युलेटर तपासावा. शिवाय, वाहनाच्या मूळ रचनेतील फेरफारांबाबत मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ विचारात घेणे आवश्यक आहे.

निष्कर्ष :
दिवा मंदावण्याचे मूळ, प्रकाश इंजिनाच्या वेगावर अवलंबून असण्यात आहे. बॅटरी व पूर्णलहरी एकदिशीकरण यांमुळे हे अवलंबित्व दूर होते. प्रवर्तन, रोध, डायोड व ऊर्जासंतुलन हे पदवी अभ्यासक्रमातील चारही घटक येथे एकाच यंत्रात भेटतात. मल्टिमीटर हाती देऊन विद्यार्थ्यांकडून अशा वाहनाचे मोजमाप करवून घेतल्यास प्रयोगशाळा व शेतरस्ता यांतील अंतर निश्चितच कमी होईल.