फेरफार क्रमांक आणि बदलांचा मागोवा

पनवेल तालुक्यातील आपटा येथील जमिनीचा सातबारा तिची आजची स्थिती सांगतो. ती कशी आली, हे गाव नमुना ६, म्हणजे फेरफार नोंदवही, सांगते. तीत प्रत्येक बदलास चढता क्रमांक मिळतो. कमी झालेले नाव उताऱ्यावर आडवी रेष मारलेल्या रूपात राहते, पुसले जात नाही. एपीआय या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संगणकीय माहितीसेवांसही हेच तत्त्व लागू पडते. नोंद निमूटपणे पुसली गेली, तर केवळ नवे बदल मागणाऱ्याच्या प्रतीत मयत खातेदार नांदतच राहतो. पेच मात्र पुढेच आहे. क्रमांक पडतो नोंद धरताना. अंमल होतो ती प्रमाणित झाल्यावर. समजा, ४१ वी नोंद हरकतीमुळे अडली आणि ४२ वी आधी प्रमाणित झाली. मग ‘४२ नंतरचे द्या’ म्हणणाऱ्यास ४१ वी कधीच मिळणार नाही. म्हणून माहितीसेवेने मागोव्याचा क्रमांक अंमलाच्या क्रमानेच द्यावा.