पारा चढला हे कुणी सांगायचं?

यंत्रामागचं यंत्र : लेखांक ६

मागच्या लेखात बीएमसीची ओळख झाली. सर्व्हरच्या मदरबोर्डवरच बसलेला हा छोटा, स्वतंत्र संगणक. मुख्य सर्व्हर बंद असला तरी हा जागा असतो आणि तापमान, पंखे, वीजपुरवठा यांवर नजर ठेवतो. ओपनबीएमसी या मुक्त प्रणालीत तो बाहेरच्या जगाशी बोलतो ते ‘बीएमसीवेब’ नावाच्या वेब-सेवेतून, आणि बोलण्याची रीत असते रेडफिशची. १९९८ पासून चालत आलेल्या आयपीएमआय या जुन्या रीतीला पर्याय म्हणून डीएमटीएफ या संस्थेने २०१५ मध्ये रेडफिश आणलं.

आता मुद्द्याकडे येऊ. तापमान वाढलं तर ते कळवायचं कुणी?

सर्रास चालणारी पद्धत अशी : बाहेरचा मॉनिटरिंग सर्व्हर दर मिनिटाला प्रत्येक बीएमसीला विचारत बसतो, ‘किती झालं?’ हजार सर्व्हर आणि प्रत्येकात शंभर सेन्सर धरले, तर मिनिटाला एक लाख आकडे गोळा होतात. त्यातले जवळपास सगळे ‘ठीक आहे’ एवढंच सांगणारे. शिवाय बीएमसी हा काही तगडा गडी नव्हे. एएसटी २६०० या बऱ्याच सर्व्हरमध्ये दिसणाऱ्या चिपमध्ये कॉर्टेक्स-ए७ जातीचे दोनच कोअर असतात. पंख्यांचा वेग सांभाळायचा तो त्यांनीच आणि एचटीटीपीएसचं कूटलेखनही त्यांनीच करायचं. एवढा खटाटोप करूनही दोन विचारण्यांच्या मधल्या वेळात तापमान चढून उतरलं, तर कुणाला पत्ताच लागत नाही.

रेडफिशच्या टेलिमेट्री सेवेतला ‘ट्रिगर’ हे गणित उलटं करतो. कुठल्या सेन्सरवर लक्ष ठेवायचं, कधी हाक मारायची आणि कशी, हे एकदाच सांगून ठेवायचं. ही सोय बीएमसीवेबमध्ये घालायची म्हटल्यावर वाटतं, लक्ष ठेवण्याचं काम आता बीएमसीवेबच करणार. तसं होत नाही. बीएमसीवेबची जागा आवक-जावक टेबलावरच्या कारकुनाची : अर्ज तपासायचा, त्रुटी असेल तर परत करायचा, नाहीतर आत पाठवायचा. आत बसलेला असतो ‘टेलिमेट्री’ हा वेगळा प्रोग्रॅम. दोघांचा व्यवहार डीबस या प्रोग्रॅममधल्या आपसातल्या संदेशवाहिनीवरून चालतो आणि सेन्सरवर खरी नजर तोच ठेवतो. ही वाटणी मला पटते. वेब-सेवा रीस्टार्ट झाली म्हणून पहारा उठत नाही.

कारकुनाचं काम मात्र दिसतं तितकं सोपं नाही. बाहेरचा माणूस सेन्सरचा उल्लेख रेडफिशच्या पत्त्याने करतो : अमुक चासी, तिच्यातला अमुक सेन्सर. आत डीबसवर त्याच सेन्सरचा मार्ग निराळा असतो. अर्ज आला की त्यातला प्रत्येक पत्ता आतल्या मार्गाशी जुळवायचा, आणि त्यातला एक जरी जुळला नाही तरी अख्खा अर्ज फेटाळायचा. कोड वाचायला बसलात तर वेळ जातो तो या जुळवाजुळवीतच.

आता एक ट्रिगर जवळून पाहू. सर्व्हरच्या तोंडाशी आत येणाऱ्या हवेचं तापमान घेऊ. अॅशरे या संस्थेने ठरवलेल्या ए२ वर्गातल्या उपकरणांना ही हवा ३५ अंशांपर्यंत चालते. म्हणून वरची इशाऱ्याची मर्यादा ३२ आणि वरची गंभीर मर्यादा ३५ ठेवू. आकडे ठरवणं दोन मिनिटांचं काम. डोकं लागतं ते पुढच्या दोन गोष्टींना.

पहिली गोष्ट दिशा. मर्यादा चढताना ओलांडली तर हाक मारायची, उतरताना, की दोन्ही वेळा? रेडफिशमध्ये चढत्या दिशेचा अर्थ काटेकोर आहे : आकडा मर्यादेच्या खालून वर गेला पाहिजे. म्हणजे ट्रिगर बनवला तेव्हाच तापमान ३६ असेल, तर ओलांडणं घडलेलंच नाही आणि ट्रिगर मुकाट बसून राहतो. नवीन माणूस इथे हमखास फसतो. ट्रिगर लावून झाला की त्या घडीचा आकडा एकदा स्वतः वाचून घ्यावा.

दुसरी गोष्ट थांबण्याचा अवधी. तापमान ३१.९ आणि ३२.१ मध्ये झोके घेत असेल तर दर झोक्याला अलर्ट येईल, आणि रात्रपाळीचा माणूस तासाभरात फोन सायलेंटवर टाकेल. म्हणून अवधी ३० सेकंद द्यायचा. मर्यादा ओलांडली की घड्याळ सुरू होतं आणि तेवढ्यात आकडा माघारी फिरला की रद्द होतं. हा अवधी आयएसओ ८६०१ च्या साच्यात, ‘पीटी३०एस’ असा लिहावा लागतो. नुसतं ३० लिहिलं की अर्ज परत. पण सगळीकडे ३० सेकंद ठोकून देऊ नयेत. प्रोसेसरचं तापमान त्याहून कितीतरी लवकर हाताबाहेर जाऊ शकतं, तिथे अवधी अगदी तोकडा हवा.

पंख्याची किंवा पॉवर सप्लायची ‘आहे-नाही’ अशी स्थिती असेल तर वेगळा, तुटक मूल्यांचा ट्रिगर लागतो. ठरावीक मूल्य आलं की किंवा कुठलाही बदल झाला की, असे दोनच पर्याय त्यात असतात.

मर्यादा ओलांडल्यावर करायचं काय, याच्या तीन वाटा आहेत : लॉगमध्ये नोंद, रेडफिश इव्हेंट, किंवा मेट्रिक रिपोर्ट ताजा करणं. पहिल्या दोन ओळखीच्या. माझ्या मते खरा उपयोग तिसरीचा, आणि तिच्याकडेच सगळ्यात कमी लोक वळतात. एका रिपोर्टमध्ये पंख्यांचे वेग, प्रोसेसरची वीज आणि बाहेर पडणाऱ्या हवेचं तापमान गोळा करून ठेवा आणि ट्रिगर त्याला जोडा. इशारा आला त्या क्षणी बाकीचं काय चाललं होतं, हे त्यासोबतच टिपलं जातं. पंखा मंदावला होता की खोलीचा एसीच बंद पडला होता, हे दुसऱ्या दिवशी तर्काने शोधत बसावं लागत नाही.

ट्रिगर किती ठेवता येतील याला मर्यादा असते, त्यामुळे प्रत्येक सेन्सरला वेगळा ट्रिगर देण्याचा मोह आवरावा. एका ट्रिगरमध्ये एकाच मर्यादेचे अनेक सेन्सर बसतात.

इव्हेंट निघाला, पण तो पोचणार कुणाकडे, आणि ऐकणारा सर्व्हरच बंद असेल तर काय, हे पुढच्या आठवड्यात.