डिसोझा : एका आडनावाचा प्रवास

मागच्या रांगेपर्यंत आवाज येतोय ना? बरं, मग सुरुवात करू.

गेल्या वेळच्या प्रश्नोत्तरांत एका तरुण मित्रानं विचारलं होतं, "सर, आपल्याकडचे डिसोझा म्हणजे मूळचे पोर्तुगीज का हो?" वेळ संपत आली होती, म्हणून आम्ही 'नाही' एवढंच म्हणून सुटका करून घेतली. घरी गेल्यावर मात्र ते उत्तर आम्हालाच अपुरं वाटू लागलं. एका शब्दात मिटावा इतका तो प्रश्न साधा नाही. म्हणून आजचं व्याख्यान त्या एका आडनावावर.

आपण बसलो आहोत इंद्रलोकमध्ये, भाईंदर पूर्वेला. फाटक ओलांडून पश्चिमेला निघालं, की राई, मुर्धे, मोर्वे, डोंगरी आणि पुढे उत्तन. या रस्त्यानं उत्तनकडे गेलात तर दारांवरच्या पाट्या वाचत जा. परेरा, गोन्साल्विस, रॉड्रिग्ज आणि डिसोझा. आता मागे फिरा आणि मीरा रोडच्या कुठल्याही मोठ्या सोसायटीतल्या टपालपेट्या बघा. तिथेही डिसोझा आहेतच. पण हे डिसोझा आणि ते डिसोझा एकमेकांचे भाऊबंद असतीलच असं नाही. का, ते पुढे येईल.

आधी शब्द बघू. पोर्तुगालच्या उत्तर भागात सोझा नावाची एक नदी आहे. छोटीशीच. ती दोरू या मोठ्या नदीला मिळते. तिच्या खोऱ्यालाही तेच नाव. अकराव्या शतकात त्या खोऱ्यातल्या एका सरदार घराण्यानं ते नाव लावायला सुरुवात केली. 'द' म्हणजे 'चा, ची, चे'. 'द सोझा' म्हणजे सोझाचा. आता हे मराठीत कसं म्हणाल? गाव सातारा, तर सातारकर. गाव चिपळूण, तर चिपळूणकर. तसं हे 'सोझेकर'. म्हणजे बघा, जे आडनाव आपल्याला इतकं परकं वाटतं, त्याची घडण आपल्या 'कर'वाल्या आडनावांसारखीच आहे.

इतर पोर्तुगीज आडनावंही अशीच उलगडतात. फर्नांडिस म्हणजे फर्नांडोचा मुलगा, रॉड्रिग्ज म्हणजे रॉड्रिगोचा मुलगा. परेरा म्हणजे नाशपातीचं झाड. आपल्याकडे फणसे आहेत, तसे. लोपीसच्या मुळाशी लॅटिनमधला लांडगा आहे. आपल्याकडे लांडगे आहेत. मचाडो म्हणजे कुऱ्हाड, आपले कुऱ्हाडे. डिसिल्वा म्हणजे रानातला आणि डिकोस्टा म्हणजे किनाऱ्यावरचा. माणूस कुठल्याही देशातला असो, शेजाऱ्याला नाव ठेवायची वेळ आली की तो गाव बघतो, बाप बघतो, झाड बघतो, हत्यार बघतो. यात कुणी उच्च नाही, कुणी नीच नाही.

लिहिण्याचीही एक गंमत सांगतो. इंग्रजीत डिसोझा लिहिताना 'डी'नंतर ॲपॉस्ट्रॉफी देतात. पोर्तुगीजांच्या लिहिण्यात हे चिन्ह यायचं ते पुढचं नाव स्वरानं सुरू होत असेल तर, म्हणजे आल्मेदा किंवा आब्रेउ यांच्या आधी. सोझाला त्याची गरज नाही. म्हणजे आपल्याकडचा 'डिसोझा' पोर्तुगालच्या वहीत तसा बसतच नाही. हे रूप इथलं आहे, इंग्रजी अमलात इथे रुळलेलं. नाव परदेशी म्हणावं, तर त्याचं शुद्धलेखनसुद्धा देशी!

आता इतिहास. २३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातचा सुलतान बहादूरशाह यानं वसई आणि तिच्या ताब्यातली बेटं पोर्तुगीजांना तहानं दिली. त्यात साष्टी आली, आणि आपण आत्ता ज्या जमिनीवर बसलो आहोत ती साष्टी बेटाचीच उत्तर बाजू. त्या काळात इथल्या समुद्रावर पोर्तुगीज आरमाराचा प्रमुख होता मार्तिम अफोन्सो द सोझा. पुढे १५४२ ते १५४५ या काळात तो गोव्याचा गव्हर्नर झाला. फ्रान्सिस झेवियर ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरले, ते याच सोझाबरोबर लिस्बनहून निघाले होते. म्हणजे हे नाव आपल्या किनाऱ्यावर आलं ते सत्तेच्या जहाजातून. ते नाकारण्यात अर्थ नाही.

पण जहाजातून उतरलेले सोझा मूठभर. मग इतके डिसोझा आले कुठून? याचं उत्तर बाप्तिस्म्यात आहे. धर्मांतर करणाऱ्याला नवं नाव मिळे, आणि आडनाव बहुतेक वेळा बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्र्याचं किंवा धर्मपिता म्हणून उभ्या राहिलेल्या पोर्तुगीजाचं. एकाच दिवशी गावातल्या अनेक कुटुंबांचा बाप्तिस्मा झाला, तर ती सगळी कुटुंबं एका आडनावाची होत. काल त्यांच्यात कोळी होते, आगरी होते, भंडारी होते, कुणबी होते, वसईकडे सामवेदी ब्राह्मण होते. आज सगळे डिसोझा, परेरा, लोपीस. रक्त तेच, जमीन तीच, जाळं आणि नांगर तोच. बदलली ती वहीतली नोंद.

याचा पुरावा काय, असं तुम्ही विचाराल, आणि विचारलंच पाहिजे. एक पुरावा १७३९ सालाचा. चिमाजी अप्पांच्या फौजेनं आधी साष्टी घेतली आणि मे १७३९ मध्ये वसईचा किल्ला पडला. पोर्तुगीज सैन्याला शस्त्रांसह निघून जाण्याची मुभा मिळाली आणि ते गेले. पण डिसोझा गेले का? नाही गेले. कारण जायला त्यांना दुसरा देश नव्हता. हाच त्यांचा देश. दुसरा पुरावा भाषेचा. दोनशे वर्षं पोर्तुगीज अंमल राहिला, तरी उत्तन-वसईच्या घरांत बोलली गेली ती मराठीची बोली. लग्नातली गाणी त्याच बोलीत राहिली. आडनाव बदलायला एक दिवस पुरतो. आईची भाषा बदलायला दोनशे वर्षंही पुरली नाहीत.

आता मघाशी राहिलेला मुद्दा, सगळे डिसोझा एक का नाहीत. गोव्यातही नाव याच पद्धतीनं पसरलं, पण तिथली कुटुंबं वेगळी, भाषा कोकणी. गोव्यातून अनेक कुटुंबं दक्षिणेला मंगळूरच्या बाजूला गेली. तिथल्या काही घरांत आजही 'आम्ही मूळचे प्रभू', 'आम्ही मूळचे पै' अशी आठवण सांगतात. या मंगळुरी लोकांनी १७८४ मध्ये टिपू सुलतानाची कैद भोगली. श्रीरंगपट्टणाला नेलेल्यांपैकी जे वाचले, ते १७९९ मध्ये टिपू पडल्यावर परतले. पुढे मुंबई वाढली, नोकऱ्या निघाल्या, आणि गोव्याचे व मंगळूरचे डिसोझा मुंबईत आले. इथल्या मूळच्या डिसोझांना प्रश्न पडला की आता आपली वेगळी ओळख कशी सांगायची? तेव्हा १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, त्यांनी बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन काढली आणि स्वतःला 'ईस्ट इंडियन' म्हणवून घ्यायला सुरुवात केली. नाव तेवढं पूर्वेचं, माणसं पश्चिम किनाऱ्याची!

म्हणून आज आपल्या शहरात एकाच पाटीमागे निदान तीन घरं आहेत. एका घरात बॉटल मसाला आणि फुगे, दुसऱ्यात शाकुती, तिसऱ्यात सान्नां. एका घरात मराठी बोली, उरलेल्या दोघांत कोकणी. पण एक कोकणी रोमी लिपीत वाचणारी, तर दुसरी कानडी लिपीत. आडनाव विचारून तुम्हाला यातलं काहीच कळत नाही.

आणि हिंदुस्थानाबाहेर? ब्राझीलमध्ये सोझा हे अगदी सर्रास आढळणारं आडनाव आहे. तिथला पहिला गव्हर्नर-जनरल, १५४९ सालचा, तोमे द सोझा. श्रीलंकेत याच नावाचं 'सोयसा' झालं आणि ते सिंहली माणसाचं नाव म्हणून रुळलं. अमेरिकेत लष्करी बँडच्या संचलनगीतांसाठी गाजलेला जॉन फिलिप सूसा हाही याच नावाचा. सूसाफोन हे वाद्य त्याच्यावरून. केनियाच्या स्वातंत्र्यलढ्यात वकील म्हणून उभे राहिलेले आणि पुढे तिथल्या संसदेचे उपसभापती झालेले फिट्झ डिसोझा जन्मले मुंबईत. चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सोझा गोव्यातल्या साळगावचे, कवयित्री युनिस डिसोझा पुण्यात जन्मलेल्या.

पण आम्हाला सगळ्यांत अस्वस्थ करतं ते पश्चिम आफ्रिकेतलं बेनिन. तिथल्या वीदा बंदरात फ्रान्सिस्को फेलिश द सोझा नावाचा गुलामांचा मोठा व्यापारी होऊन गेला. ब्राझीलमधून आलेला, १८४९ मध्ये वारला. त्याचे वंशज तिथे आजही हेच नाव लावतात. आणि ब्राझीलमध्ये गुलाम म्हणून गेलेल्या माणसांना मालकांची आडनावं मिळाली. त्यातले काही सुटून पुन्हा त्याच किनाऱ्यावर परतले, तेही पोर्तुगीज आडनावं घेऊन. म्हणजे विकणारा आणि विकला गेलेला, दोघांच्या नातवंडांच्या पाट्या एकसारख्या असू शकतात. आता सांगा, नावावरून कुणाचा न्याय कराल?

इथे आमचा जुना विषय, तत्त्वज्ञान, आत येतो. घाबरू नका, थोडक्यात सांगतो. १८४३ मध्ये जॉन स्टुअर्ट मिल यानं तर्कशास्त्रावर ग्रंथ लिहिला. त्यात तो म्हणतो, की विशेषनाम वस्तूकडे बोट दाखवतं, तिचे गुण सांगत नाही. त्याचं उदाहरण इंग्लंडमधल्या डार्टमथ या गावाचं. डार्ट नदीच्या मुखाशी वसलं म्हणून डार्टमथ. उद्या वाळू साचून नदीनं पात्र बदललं, मुख दुसरीकडे गेलं, तर गावाचं नाव चुकीचं ठरेल का? नाही ठरणार. नाव चालूच राहील. डिसोझाचं तेच आहे. सोझा नदी कधी डोळ्यांनी न पाहिलेला उत्तनचा नाखवा डिसोझा आहे, आणि त्याचं नाव अजिबात खोटं नाही.

पुढे १९७० मध्ये सॉल क्रिपकी या तरुण अमेरिकन तत्त्वज्ञानं प्रिन्स्टनला तीन व्याख्यानं दिली. तो म्हणाला, नाव टिकतं ते वर्णनामुळे नाही, तर एका साखळीमुळे. कुणीतरी पहिल्यांदा नाव ठेवतं, मग ऐकणारा ते पुढे देतो, तो आणखी पुढे. त्या पहिल्या क्षणाला क्रिपकीनं शब्द कुठला वापरला? 'बाप्तिस्मा'. आमच्या वर्गात हा भाग आला की आम्हाला उत्तनचं चर्च आठवायचं. कारण इथे ते रूपक उरत नाही, ती घडलेली गोष्ट होते.

नाव आपल्याला काय सांगतं, तर साखळी सांगतं. कुणी, कधी, कुणाच्या हाती दिलं. माणूस कसा आहे, कुणाशी इमानी आहे, काय खातो, कुठली भाषा बोलतो, हे नाव सांगत नाही. ते जाणून घ्यायला दार वाजवून आत जावं लागतं.

हे सगळं आज का सांगितलं? आमची एक जुनी विद्यार्थिनी, आडनाव डिसोझा, भाड्याचं घर शोधत होती. फोनवर सगळं ठरलं. मराठी अस्खलित, त्यामुळे समोरच्यांनी गृहीत धरलं. कागदासाठी पूर्ण नाव सांगितलं आणि थोड्या वेळानं निरोप आला, "घर दिलं गेलं." ती आम्हाला म्हणाली, "सर, माझे पणजोबा इथल्याच खाडीवर जाळं टाकायचे. आणि मला विचारतात, तुम्ही मूळच्या कुठल्या?" आम्ही पन्नास वर्षं नावांचं तत्त्वज्ञान शिकवलं. तिला द्यायला आमच्याकडे त्या दिवशी उत्तर नव्हतं.

आणि खरं सांगायचं तर एक कबुली आम्हीही दिली पाहिजे. तिच्या पहिल्या वर्षी, हजेरी घेताना आम्हीच तिला विचारलं होतं, "तू गोव्याची का गं?" आम्हाला ते सहज वाटलं होतं. तिला किती जणांनी ते विचारलं असेल, हे आमच्या डोक्यातही आलं नाही.

जाता जाता एवढंच बघा. आपल्या या वसाहतीचं नाव इंद्रलोक. इथे इंद्र नाही, ऐरावत नाही, अप्सरा तर दूरच. पावसाळ्यात रस्त्यात साचतं ते अमृत नव्हे. तरी रिक्षावाल्याला 'इंद्रलोक' म्हटलं की तो बरोबर आणून सोडतो. नावाचं काम तेवढंच, पत्ता दाखवण्याचं. आपण या नावाबद्दल कुणालाही खुलासा देत बसत नाही. तीच सूट शेजारच्या डिसोझाला द्यायला काय हरकत आहे?

तर मित्रा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं : नाव नदीकाठचं, तिथल्या पोर्तुगालचं. माणसं खाडीकाठची, इथलीच. आता तुमचे प्रश्न घेऊ.