पडद्यावरील माणूस

चित्रपट पाहून आपण घरीं परततों तेव्हां वाटेनें बहुधा कथानकाचीच चर्चा चालते. अमक्यानें असें करावयास नको होतें, शेवट घाईनें उरकला, मधलें एक गाणें उगाच लांबलें, असें आपण बोलत असतों. सहा महिने लोटले कीं कथानकाचे धागे सुटूं लागतात. पांच-दहा वर्षांनीं तर चित्रपटाचें नांवहि चटकन् आठवत नाहीं. पण एखादा चेहरा, एखाद्याची पाठमोरी चाल, उंबरठ्याशीं अडखळलेलें एक पाऊल मनांत जसेंच्या तसें राहतें. गोष्ट विसरली आणि माणूस राहिला, असें कां होतें? आणि जेथें तसें होत नाहीं, तेथें उणें काय पडतें? या दोन प्रश्नांचा विचार आज आपल्यापुढें मांडावा असा माझा मानस आहे.

आपल्या भाषेंत नाटकांतील व्यक्तीला ‘पात्र’ म्हणतात. हा शब्द मोठा मार्मिक आहे. पात्र म्हणजे भांडें. भांडें घडवितो लेखक. त्याचा आकार, त्याची खोली, त्याला कोठें पोंचा पडलेला असावा, हें सारें त्याचें काम. त्यांत पाणी भरावयाचें तें नटानें. भांडें उथळ असेल तर नट कितीहि मोठा असला तरी पाणी बाहेर सांडतें, आणि त्या सांडण्यालाच अभिनय समजून आपण पुष्कळदां टाळ्या देतों. उलट भांडें खोल असून नटापाशीं ओतावयास कांहीं नसलें, तर प्रेक्षकाला रिकाम्या भांड्याचा आवाज तेवढा ऐकूं येतो.

पण पात्राची खोली ओळखावी कशी? दयाळू, लोभी, मानी, दुष्ट हीं नुसतीं विशेषणें झालीं. दहा विशेषणें एकत्र बांधलीं तरी त्यांचा माणूस होत नाहीं. ज्याला कांहीं मनापासून हवें आहे आणि तें मिळविण्याच्या आड ज्याचा स्वतःचाच स्वभाव येतो, तें पात्र खोल. अशा पात्राला कथानकाच्या धक्क्यांची फारशी गरज लागत नाहीं. तें स्वतःच कथानक पुढें नेतें.

आतां नटाकडे वळूं. भरतमुनींनीं अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत: शरीराच्या हालचालींचा आंगिक, वाणीचा वाचिक, वेषभूषेचा आहार्य आणि अंतःकरणांतून उमटणारा सात्त्विक. रंगभूमीवर पहिल्या तिहींना मोठा मान. शेवटच्या रांगेतील प्रेक्षकापर्यंत पोंचावयाचें तर शब्द ठणठणीत आणि हातवारे ठसठशीत असावेच लागतात. कॅमेऱ्यानें ही व्यवस्था बदलली. तो प्रेक्षकाला नटाच्या अगदीं समोर, हातभर अंतरावर नेऊन बसवितो. तेथें पापणी लवली तरी ती घटना होते, आणि आवंढा गिळला तर तें एक वाक्यच होतें. रंगभूमीवर जो आवेश शोभतो तोच पडद्यावर आरडाओरड वाटतो.

दुसरी अडचण याहूनहि मोठी आहे. नाटकांत पहिल्या अंकापासून शेवटच्या अंकापर्यंत नट पात्राबरोबर चालत जातो. चित्रपटाचें चित्रण मात्र सोयीनुसार तुकड्यातुकड्यांनीं होतें. मरणाचा प्रसंग आज, तर लग्नाचा पुढल्या महिन्यांत, असेंहि घडतें. अशा वेळीं पात्राचें सगळें आयुष्य नटाच्या मनांत अखंड उभें नसेल, तर पडद्यावर तुकडेच दिसतात.

या सर्व गोष्टी एका उदाहरणानें स्पष्ट होतील. पुण्याच्या प्रभात कंपनीचा ‘कुंकू’ हा बोलपट १९३७ सालीं निघाला. त्याचे दिग्दर्शक व्ही. शांताराम, आणि आधार नारायण हरि आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीचा. हिंदींत तो ‘दुनिया न माने’ या नांवानें निघाला. आईबापांवांचून मामाच्या घरीं वाढलेली नीरा ही तरुण मुलगी; फसवणुकीनें तिचें लग्न काकासाहेब नांवाच्या वयस्क, विधुर वकिलाशीं लावून देण्यांत येतें. ती रडत बसत नाहीं. हा विवाह मी मानीत नाहीं, हें ती आपल्या वागण्यानें घरांतील प्रत्येकाला बजावते.

जरठकुमारीविवाह हा विषय तेव्हां नवा नव्हता. १८९९ सालीं रंगभूमीवर आलेल्या देवलांच्या ‘शारदे’नें तो महाराष्ट्राच्या घराघरांत पोंचविला होता. मग ‘कुंकू’नें निराळें काय केलें? देवलांचा भुजंगनाथ हास्यास्पद आहे, आणि तें हंसूं हेंच त्या नाटकाचें शस्त्र आहे. परंतु हंसतां हंसतां प्रेक्षक नकळत स्वतःला भुजंगनाथापासून दूर ठेवतो. हा थेरडा कोणी दुसरा, आपण नव्हे, अशी त्याची समजूत होते. ‘कुंकू’नें प्रेक्षकाची ही सोय काढून घेतली.

काकासाहेबांची भूमिका केशवराव दाते यांनीं केली. दाते हे रंगभूमीवर मुरलेले नट. १९३३ सालीं ‘नाट्यमन्वंतर’ या संस्थेनें ‘आंधळ्यांची शाळा’ हें नाटक रंगभूमीवर आणून नव्या, साध्या अभिनयाचा पायंडा पाडला, त्या प्रयोगाशीं त्यांचें नांव कायमचें जोडलेलें आहे. त्यांनीं उभा केलेला काकासाहेब दुष्ट नाहीं. समाजांत मान असलेला, घरांत मोठीं मुलें असलेला, चारचौघांसारखा गृहस्थ आहे. त्याला या वयांत तरुण बायको हवी आहे. आणि आपण कांहीं वाईट केलें असें स्वतःला वाटूंहि नये, असेंहि त्याला हवें आहे. या दोन गोष्टी एकत्र नांदत नाहींत. त्यांच्यामधें सांपडलेला माणूस दात्यांनीं दाखविला. आरशासमोर वार्धक्य झांकण्याची त्याची धडपड पाहून प्रथम हंसूं येतें, आणि हंसूं पुरतें ओसरण्याच्या आंतच मन ओशाळतें. भिंतीवरचें जुनें घड्याळ आणि जुनी छत्री यांचा दिग्दर्शकानें सूचक उपयोग केला आहे. या बोलपटांत पार्श्वसंगीत नाहीं. प्रसंगांत स्वाभाविकपणें येणारे आवाज तेवढे आहेत. त्यामुळें नटाला वाद्यांच्या आड दडतां येत नाहीं. निःशब्द क्षण त्याला स्वतःच्या बळावर पेलावे लागतात.

शान्ता आपटे यांची नीराहि तशीच. ती मखरांतली देवी नाहीं. ती चिडते, खेळकर होते, कठोर होते. आणि पुढें एक विलक्षण गोष्ट घडते. ज्याचा द्वेष करणें सोपें होतें तो माणूस तिच्या डोळ्यांदेखत बदलूं लागतो, कींव करण्याजोगा होतो. तरीहि तिचा नकार योग्यच राहतो. अखेर काकासाहेब तिला मुलीप्रमाणें मानूं लागतात, तिनें पुनर्विवाह करावा असें पत्र लिहून ठेवतात आणि आपलें जीवन संपवितात. एकाची दया येते म्हणून दुसऱ्याचा न्याय कमी होत नाहीं, हें सत्य तेथें कोणीहि व्याख्यान देऊन सांगत नाहीं. दोन माणसें समोर उभीं आहेत म्हणूनच तें आपल्याला कळतें. काकासाहेब खलपुरुष असता तर प्रेक्षागृहांतील प्रत्येक संभावित गृहस्थ निर्धास्तपणें घरीं गेला असता. तो तसा गेला नसावा, असें मला वाटतें.

हीच गोष्ट हलक्या हातानें कशी साधते तें पाहावयाचें असेल तर त्याच कंपनीचा, आदल्याच वर्षींचा ‘संत तुकाराम’ पाहावा. दामले आणि फत्तेलाल यांनीं तो दिग्दर्शित केला. रंगभूमीवर स्त्रीभूमिका केलेले विष्णुपंत पागनीस त्यांत तुकोबा झाले आहेत. त्यांच्या मुद्रेवरील शांतीविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. मला मात्र गौरी यांनीं केलेल्या जिजाईविषयीं बोलावयाचें आहे. संताची कजाग बायको हें आपल्याकडचें ठरलेलें चित्र. पण ही जिजाई घर चालविते. पोरें उपाशी आहेत, नवरा भजनांत आहे. मग देवाला जाब विचारावयाचा कोणी? मूल आजारी पडतें तेव्हां ती हातांत वहाण घेऊन थेट पांडुरंगासमोर जाऊन उभी राहते. प्रेक्षक हंसतो, परंतु तें हंसूं तिच्या बाजूचें असतें. तुकोबांची विरक्ति आपल्याला खरी वाटते, कारण तिची किंमत मोजणारी बाई शेजारीं उभी आहे. एक पात्र दुसऱ्याला असें वजन देतें. नुसत्या चमत्कारांनीं तें आलें नसतें.

आतां दूरचित्रवाणीकडे येऊं. मुंबईचें केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें आणि नाट्य दिवाणखान्यांत आलें. चित्रपट पाहावयास आपण जातों. मालिका आपल्या घरीं येते. दिवे लागलेले, कोणी भाजी निवडीत आहे, मूल अभ्यास करीत आहे, आणि त्या गडबडींत तें पात्र आठवड्यामागून आठवडा आपल्याकडे पाहुणें म्हणून येतें. पाहुणा पुन्हा यावासा वाटला पाहिजे. म्हणून येथें एका प्रसंगांतील तेजापेक्षां स्वभावाच्या सवयी अधिक उपयोगी पडतात. चि. वि. जोशी यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ हे याचें उत्तम उदाहरण. १९४० सालच्या ‘लग्न पाहावें करून’ या बोलपटांत दामुअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग यांनीं त्या भूमिका केल्या. पुढें मुंबई दूरदर्शनच्या मालिकेंत दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे आले. नट बदलले, काळ बदलला, तरी घरोघरचीं माणसें चिमणरावांना ओळखून हंसलीं. भांडें पक्कें होतें. प्रत्येक नटानें त्यांत आपल्या विहिरीचें पाणी भरलें.

दूरचित्रवाणीचें बळ केवळ विनोदांतच आहे असें नाहीं. भीष्म साहनी यांच्या कादंबरीवरून गोविंद निहलानी यांनीं केलेली ‘तमस’ ही मालिका १९८८ सालीं दूरदर्शनवर दाखविली गेली. विषय फाळणीच्या वेळच्या दंगलींचा. आरंभींच नथू नांवाचा चामड्याचें काम करणारा एक गरीब मनुष्य एका बंद झोंपडींत डुक्कर मारण्याची झटापट करीत असतो. तें कशाकरितां मारवून घेतलें जात आहे, हें त्याला ठाऊक नाहीं. पुढें तें मशिदीच्या पायरीवर सांपडतें आणि शहर पेटतें. ओम पुरी यांचा नथू फार बोलत नाहीं. आपल्या हातून काय घडलें हें जसजसें त्याला उमगतें तसतसे त्याचे खांदे वांकत जातात. ही मालिका थांबवावी म्हणून न्यायालयांत अर्ज झाले. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनीं ती स्वतः पाहिली आणि ती दाखविण्यास हरकत घेतली नाहीं. सर्वोच्च न्यायालयानेंहि तोच निर्णय दिला. द्वेषाची गोष्ट सांगूनहि द्वेष न वाढविण्याचें सामर्थ्य त्या मालिकेंत कोठून आलें? माझ्या मतें, तिनें जमाव दाखविण्यापूर्वीं माणूस दाखविला, यांतून.

याउलट दररोज प्रसिद्ध होणाऱ्या पुष्कळ मालिकांची गत पाहा. उद्यांचा भाग भरावयाचा असतो, म्हणून काल सोशीक असलेली सून आज एकाएकीं कारस्थानी होते. लेखकाला पुढचें ठाऊक नसतें, मग नटाला कोठून असणार? पात्र कथानकाचें वेठबिगारी होतें. तें उणें झांकण्याकरितां मग वाद्यांचा कल्लोळ होतो आणि एकच दचकलेला चेहरा तीन वेळां दाखविला जातो. दोष नटांचा थोडा आहे. उथळ भांड्यांत ते बिचारे किती पाणी धरणार?

प्रेक्षकाला पारख करण्याचा एक सोपा उपाय सांगून मी आपली रजा घेतों. पुढच्या वेळीं मालिका पाहतांना थोडा वेळ आवाज बंद करावा आणि नट दुसऱ्याचें बोलणें ऐकतो कसें, तेवढेंच पाहावें. चांगला नट ऐकतांना दिसतो. कच्चा नट आपली पाळी येण्याची वाट पाहतांना दिसतो. मग आवाज सुरू करून डोळे मिटावे. वाक्यें ऐकून तीं कोणाचीं हें नांवें न घेतां ओळखतां आलें, तर लेखकानें माणसें घडविलीं असें समजावें. सगळीं पात्रें एकाच तोंडानें बोलत असतील, तर तीं नुसतीं विशेषणें आहेत. दोन्हीं कसोट्यांना उतरणारें नाट्य सांपडलें तर तें घरच्या मुलांना जवळ बसवून दाखवावें. दुसऱ्या माणसाच्या मनांत शिरून क्षणभर त्याच्या बाजूनें जगाकडे पाहण्याची संवय त्यांना तेथें लागेल, आणि ती संवय घराबाहेरहि उपयोगी पडते.