विषय मोठा, कादंबरी किती मोठी?

मराठी कादंबरीविषयी वाचक आणि समीक्षक जे बोलतात, त्यात 'विषय फार महत्त्वाचा आहे' हा शेरा वारंवार येतो आणि बहुतेक वेळा अभिप्राय तिथेच थांबतो. धरणग्रस्त, कर्जात बुडालेला शेतकरी किंवा ग्रामपंचायतीत निवडून आलेली आदिवासी स्त्री यांच्यावरच्या पुस्तकाबद्दल नापसंती दाखवली, तर त्या माणसांबद्दलच आस्था नाही असा अर्थ काढला जाईल, ही भीड त्यामागे असते, आणि म्हणून मनापासून वाचणारा वाचकही कंटाळवाण्या वाटलेल्या पानांविषयी गप्प राहतो. या गप्प राहण्याने लेखकाचे नुकसान होते, कारण आपले लेखन नेमके कुठे पकड घेते आणि कुठे सैल पडते, हे त्याला कोणी सांगतच नाही. गेल्या दोन-तीन दशकांतल्या काही नावाजलेल्या कादंबऱ्या ही भीड बाजूला ठेवून वाचल्या, तर विषयाच्या बळावर उभ्या राहिलेल्या आणि स्वतःच्या बळावर विषयाला उंची देणाऱ्या कादंबऱ्यांमधला फरक बराच स्पष्ट दिसू लागतो.

हा फरक मराठीला नवा नाही. बाबा पदमनजी यांच्या १८५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'यमुनापर्यटन' या कादंबरीत यमुना आणि तिचा पती विनायक प्रवास करतात आणि त्या प्रवासात ठिकठिकाणच्या हिंदू विधवांच्या करुण हकिकती त्यांच्यासमोर येतात. या हकिकतींमागचा सुधारणेचा आणि ख्रिस्ती धर्मविचाराचा हेतू लेखकाने लपवलेला नाही. त्यानंतर तीनएक दशकांनी हरि नारायण आपटे यांनी 'करमणूक' या आपल्या साप्ताहिकातून 'पण लक्षांत कोण घेतो?' ही कादंबरी क्रमशः लिहिली. तिचाही विषय बालविवाह, वैधव्य आणि केशवपन हाच आहे, पण इथे यमू आपली कहाणी स्वतः सांगते. कथा सांगणाऱ्या आवाजाला समीक्षेत निवेदक म्हणतात आणि हा निवेदक लेखकाहून वेगळा असतो. आपट्यांनी एका मुलीला निवेदक केले आणि तिच्या माहेरच्या भांडणांपासून सासरच्या माजघरापर्यंतचे सारे जग तिच्या नजरेच्या उंचीवरून दिसू दिले. आज पहिली कादंबरी प्रामुख्याने अभ्यासक वाचतात, तर दुसरी अजूनही सामान्य वाचकाला अस्वस्थ करते. विषय दोघींचाही तितकाच मोठा असल्यामुळे या अंतराचे कारण निवेदनात शोधावे लागते.

हीच कसोटी सदानंद देशमुख यांच्या 'बारोमास'ला लावून पाहता येते. ही कादंबरी २००२ मध्ये प्रसिद्ध झाली आणि २००४ मध्ये तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. विदर्भातल्या शेतकऱ्यांच्या आत्महत्या वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर येऊ लागल्या होत्या, तो हा काळ. शिकूनही नोकरी न मिळालेला, कारण त्यासाठी मागितली जाणारी रक्कम देण्याची ऐपत नसलेला एकनाथ, शहराची ओढ असलेली त्याची पत्नी अलका आणि जमिनीला धरून राहिलेली आधीची पिढी यांच्यातली घरगुती धुसफूस देशमुखांनी विलक्षण बारकाईने टिपली आहे. पैशाच्या चणचणीने नवरा-बायकोच्या साध्या बोलण्यालाही कशी धार येते, हे दाखवणारे प्रसंग मराठीतल्या कृषिजीवनावरच्या उत्तम लेखनात मोडतात. मात्र जिथे एकनाथच्या तोंडून किंवा विचारांतून शेतीच्या अर्थकारणाची मांडणी सुरू होते, तिथे तो घरातला माणूस राहत नाही आणि लेखकाचा प्रवक्ता होतो. त्या मांडणीतले म्हणणे खरे आहे, पण ते वाचकाला आधीच्या भांडणातूनच उमगलेले असते, म्हणून ही पाने उलटताना पकड सुटते.

कविता महाजन यांची 'ब्र' (२००५) अधिक अवघड बांधणीची कादंबरी आहे. १९९३ मध्ये अमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींमध्ये स्त्रियांसाठी किमान एक तृतीयांश जागा राखून ठेवल्या, आणि गावोगावी स्त्रिया सरपंच झाल्या. प्रत्यक्ष कारभार मात्र अनेक ठिकाणी नवऱ्याकडे किंवा गावातल्या जुन्या पुढाऱ्यांकडेच राहिला आणि ज्या स्त्रीने तो स्वतःच्या हाती घेण्याचा प्रयत्न केला, तिच्यावर अविश्वासाचा ठराव येऊ लागला. संसार मोडलेली प्रफुल्ला एका स्वयंसेवी संस्थेच्या कामासाठी आदिवासी भागात फिरते आणि अशा स्त्रियांचे बोलणे ऐकते. फिरणारी एक स्त्री आणि तिला भेटणाऱ्या अनेक स्त्रिया हा आराखडा 'यमुनापर्यटन'ची आठवण करून देतो, पण मधल्या दीडशे वर्षांत झालेला बदल असा की, ऐकणारी प्रफुल्ला स्वतःच दुखावलेली आहे आणि ऐकता ऐकता तिच्यातही काही हलते. संस्थांच्या कामातला पोकळपणा आणि कार्यकर्त्यांचे आपसातले हिशेब महाजन यांनी ज्या निर्भयपणे लिहिले आहेत, त्याला मराठीत फारशी जोड नाही. दोष आहे तो हकिकतींच्या दाटीत. एकीमागून एक स्त्री येते आणि पुढची येताच आधीची मागे सरते, त्यामुळे काहींचे व्यक्तिमत्त्व घडण्याआधीच त्या एखाद्या समस्येचे उदाहरण होऊन जातात. तरीही दुसऱ्या वाचनात ही कादंबरी कमी होत नाही, कारण प्रफुल्लाचा त्रासलेला, स्वतःलाही न सोडणारा आवाज ती दाटी बऱ्याच अंशी सांभाळून नेतो.

कृष्णात खोत यांच्या 'रिंगाण'ला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि या लेखातल्या कादंबऱ्यांपैकी विषयाला सर्वांत वेगळ्या वाटेने भिडणारी कादंबरी हीच आहे. धरणामुळे डोंगरातले गाव उठले, माणसे दूरच्या जागेत नेऊन वसवली गेली, आणि मागे जंगलात राहिलेली म्हैस परत आणायला देवाप्पा जुन्या ठिकाणी जातो, एवढेच तिचे कथानक. विस्थापनावर लिहिताना मोर्चे, कचेऱ्या आणि मोबदल्याची भांडणे समोर ठेवण्याचा मोह स्वाभाविक होता. महाराष्ट्राने प्रकल्पांमुळे विस्थापित होणाऱ्यांच्या पुनर्वसनासाठी १९७६ मध्येच कायदा केला, आणि तरीही कोयनेपासून वारणेपर्यंतच्या धरणग्रस्तांचे लढे पुढची कित्येक वर्षे चालू राहिले. त्या इतिहासावरच एक जाडजूड कादंबरी लिहिता आली असती. खोत यांनी हे सारे पार्श्वभूमीला ठेवले आणि धन्याला धनी मानायला तयार नसलेले, रानटी झालेले एक जनावर मध्यभागी आणले. जमीन, घर, झाडे यांचे मोल सरकारी कागदावर मांडता येते. ज्या म्हशीला आपण वाढवले ती आपल्यावरच शिंगे रोखून उभी राहते, तेव्हा जे गेले त्याला कागदावर रकाना नाही, हे देवाप्पाला आणि वाचकाला एकाच वेळी कळते. तिथे निवेदकाला एकही शब्द समजावून सांगावा लागत नाही.

या कादंबरीच्या भाषेविषयीची तक्रार मात्र तपासून घ्यायला हवी. विशिष्ट प्रदेशाची भूमी, बोली आणि रीतिरिवाज यांना पात्राइतकेच महत्त्व देणाऱ्या कादंबरीला प्रादेशिक कादंबरी म्हणतात, आणि तिच्या जुन्या नमुन्यात पात्रे बोलीत बोलत असली तरी निवेदन प्रमाण मराठीत असे. व्यंकटेश माडगूळकर यांच्या 'बनगरवाडी'तला निवेदक हा गावात आलेला तरुण मास्तर आहे आणि त्याची भाषा शाळेत शिकलेल्या माणसाची आहे. खोत यांचे निवेदनही पन्हाळ्याच्या परिसरातल्या बोलीत चालते. त्यामुळे शहरी वाचकाला सुरुवातीची पाने जड जातात, पण हा दोष म्हणता येणार नाही, कारण रानातल्या वाटा, पाणवठे आणि जनावरांच्या हालचाली यांना या बोलीत जितके शब्द आहेत तितके प्रमाण भाषेत नाहीत, आणि देवाप्पा त्याच शब्दांत विचार करतो. दोष आहे तो मधल्या भागातल्या पुनरुक्तीत. तीच चिंता, तीच आठवण, तोच स्वतःशी चाललेला वाद थोड्या फरकाने पुन्हा येतो आणि माणूस व जनावर यांच्यातला ताण, जो सतत वाढायला हवा, तो काही काळ एकाच जागी थांबतो. एका कठोर संपादकाने या भागातली पाने कमी केली असती, तर कादंबरीची धार आणखी वाढली असती. मराठी प्रकाशनव्यवहारात लेखकासोबत बसून हस्तलिखितावर काम करणारा संपादक दुर्मीळ आहे, आणि त्याची किंमत इतक्या चांगल्या कादंबरीलाही मोजावी लागते, ही खरोखर दुःखाची बाब आहे.

ज्याला कोणी सामाजिक प्रश्न म्हणणार नाही, अशा विषयावरची कादंबरी म्हणून शांता गोखले यांची 'रीटा वेलिणकर' या संदर्भात आठवते. घराचा भार वाहणारी थोरली मुलगी, कचेरीतल्या विवाहित वरिष्ठाशी असलेले तिचे दीर्घकाळचे नाते आणि त्यातून तिचे कोसळणे एवढ्या सामग्रीतून मुंबईतल्या नोकरदार स्त्रीचे एकटेपण ज्या संयमाने उभे राहते, तो संयम मोठ्या विषयांच्या कादंबऱ्यांना क्वचित साधला आहे.

भालचंद्र नेमाडे यांच्या 'हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ' या २०१० मध्ये आलेल्या कादंबरीविषयी प्रामाणिकपणे बोलणे सर्वांत अवघड, कारण तिच्याभोवती भक्ती आणि विरोध दोन्ही प्रचंड आहेत. 'कोसला'ने १९६३ मध्ये मराठी गद्याचे वळण बदलले, 'बिढार'पासून 'झूल'पर्यंतच्या चार कादंबऱ्या सत्तरच्या दशकात आल्या, आणि त्यानंतर तीन दशके वाचक 'हिंदू'ची वाट पाहत होते. मोहेंजोदडोच्या परिसरात उत्खननाच्या कामावर असलेला खंडेराव वडील अत्यवस्थ असल्याचे कळल्यावर खानदेशातल्या आपल्या मोरगावला परततो, आणि त्या प्रवासात व गावी पोहोचल्यावर आठवणींचे थर एकमेकांवर चढत जातात. कथानक म्हणजे कार्यकारणाने जोडलेल्या घटनांची मालिका, असे मानले तर इथे कथानक फार थोडे आहे. उत्खननात जमिनीचे थर उघडावेत तशी इथली रचना चालते, आणि नायकाचा व्यवसाय लक्षात घेता ती अत्यंत अन्वर्थक आहे.

मोरगावचे घर, शेत, पीकपाण्याचा हंगाम, गडी, भाऊबंद, आणि सर्वांत जास्त म्हणजे त्या घरातल्या स्त्रिया ही या कादंबरीची खरी श्रीमंती. कुणब्याच्या घरात बाई कशी झिजते, हे नेमाड्यांनी ज्या तपशिलांनी लिहिले आहे त्यापुढे अनेक घोषित स्त्रीवादी कादंबऱ्या फिक्या पडतात. नेमाडे ज्या देशीवादाचे प्रवर्तक मानले जातात, त्याचे म्हणणे असे की, साहित्य आपल्या भूमीतून, आपल्या भाषासमूहाच्या परंपरेतून वाढले पाहिजे आणि पश्चिमेकडून उसन्या घेतलेल्या नमुन्यांवर पोसले जाऊ नये. या भूमिकेतून खंडेराव जेव्हा संस्कृती, जाती, बहुविधता यांवर लांबलचक चिंतन करू लागतो, तेव्हा मात्र कादंबरी व्याख्यानाच्या जवळ जाते. अडचण त्याच्या मतांपेक्षाही एका विसंगतीची आहे. ज्या कृषिव्यवस्थेच्या समृद्धीचे चिंतनात कौतुक होते, त्याच व्यवस्थेने चिरडलेल्या स्त्रिया कथनात वाचकाच्या समोर असतात, आणि चिंतन त्यांच्याशी पुरेसे बोलत नाही. कथनाने चिंतनाला खोटे पाडावे, असे या कादंबरीत अनेकदा घडते, आणि त्या क्षणी कादंबरीकार नेमाडे हे विचारवंत नेमाड्यांहून कितीतरी अधिक सखोल ठरतात. म्हणून ही कादंबरी पूर्णपणे मान्य न करताही तिच्याकडे पुन्हा पुन्हा वळावे लागते.

नंदा खरे यांच्या 'उद्या'ला २०२० चा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला आणि त्यांनी तो नम्रपणे नाकारला. व्यवसायाने स्थापत्य अभियंता आणि 'आजचा सुधारक' या विवेकवादी मासिकाचे एक संपादक असलेल्या खरे यांनी २०१४ च्या या कादंबरीत नजीकचा भविष्यकाळ कल्पिला : नागरिकांवर सतत ठेवली जाणारी पाळत, मूठभरांच्या हाती एकवटलेली संपत्ती आणि घटत गेलेली स्त्रियांची संख्या. त्यांतले बरेच काही आता भविष्य राहिलेले नाही, आणि त्यामुळे कादंबरीचा दरारा वाढला आहे. पण तिच्यातली अनेक पात्रे एकमेकांशी बोलण्याऐवजी एकमेकांना समजावत असतात. त्यांची नावे झाकली तर कोण बोलतो आहे हे ओळखणे कठीण जावे, इतकी त्यांची बुद्धी आणि शब्दकळा सारखी आहे.

खरे यांना वेगळा आवाज घडवता येत नव्हता असे म्हणावे, तर त्यांची १९९७ ची 'अंताजीची बखर' समोर आहे. बखर म्हणजे मराठेशाहीतल्या घडामोडींची गद्य हकिकत, बहुधा कोणा थोरामोठ्याच्या आश्रयाने लिहिलेली. खरे यांनी तिचा निवेदक केला तो अठराव्या शतकातला एक हेर, जो मराठ्यांच्या बंगालमधल्या स्वाऱ्या आणि प्लासीच्या लढाईचा काळ खालून, स्वतःचा जीव आणि स्वतःचा लाभ सांभाळत पाहतो. त्याच्या नजरेला पराक्रमापेक्षा लूट आधी दिसते, आणि लुटल्या जाणाऱ्यांची भीती तो जाता जाता अशा थंडपणे नोंदवतो की वाचणारा हादरतो. साम्राज्य, हिंसा आणि व्यापारी सत्तेचा उदय हे विषय 'उद्या'तल्या विषयांहून लहान नाहीत, पण अंताजी त्यांवर कधी भाष्य करायला बसत नाही. त्याला पुढच्या मुक्कामाला पोहोचायचे असते.