लघवीची नळी आणि सात स्थानांचा संकेतांक

मोठी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाच्या खाटेला एक प्लॅस्टिकची पिशवी अडकवलेली आपण सर्वांनी पाहिलेली असते. मूत्राशयातून आलेली नळी या पिशवीत उतरते. घरची माणसे तिला लघवीची नळी म्हणतात, डॉक्टर कॅथेटर म्हणतात. नळीच्या आतल्या टोकाशी एक छोटा फुगा असतो. नळी मूत्राशयात पोचली की तो निर्जंतुक पाण्याने फुगवतात, म्हणजे ती निसटून बाहेर येत नाही. ही रचना १९३० च्या दशकात अमेरिकेतील मूत्रविकारतज्ज्ञ फ्रेडरिक फोली यांनी रूढ केली, आणि आजही तिला त्यांचेच नाव आहे. नळीची जाडी ‘फ्रेंच’ या मापात सांगतात. एक फ्रेंच म्हणजे व्यासाचा एक तृतीयांश मिलिमीटर; १६ नंबरची नळी सुमारे ५.३ मिलिमीटर जाडीची. (पाय्‌ची किंमत तीनहून थोडीच जास्त असल्यामुळे हा नंबर नळीच्या परिघाच्या मिलिमीटरशी जवळपास जुळतो. वर्गात सांगायला बरे उदाहरण आहे.)

निरोगी माणसाचे मूत्राशय वरचेवर भरते आणि रिकामे होते. लघवीच्या धारेबरोबर मूत्रमार्गात शिरलेले जिवाणू धुऊन निघतात. नळी बसवली की हा धुण्याचा क्रम थांबतो आणि जिवाणूंना आत चढायला एक आयता जिना मिळतो. नळीच्या पृष्ठभागावर ते चिकट थर तयार करतात. त्याला जैवपटल म्हणतात. त्याच्या आत प्रतिजैविके नीट पोचत नाहीत. प्रोटिअस नावाचे जिवाणू तर लघवीतील युरियापासून अमोनिया बनवतात. त्यामुळे लघवी अल्कधर्मी होते, मॅग्नेशियम व कॅल्शियमच्या फॉस्फेटांचे स्फटिक साचतात आणि नळी चक्क तुंबते. नळी जितके दिवस राहील तितका धोका वाढतो. दर दिवशी साधारण ३ ते ७ टक्के रुग्णांच्या लघवीत नव्याने जिवाणू सापडू लागतात. महिनाभर नळी राहिली तर बहुतेक सर्वांच्याच लघवीत ते असतात.

मात्र लघवीत जिवाणू असणे म्हणजे आजार नव्हे. ताप, ओटीपोटात दुखणे अशी लक्षणे असतील तरच त्याला संसर्ग म्हणायचे. हा फरक न पाळता नुसत्या तपासणीच्या कागदावरून प्रतिजैविके दिली, तर रुग्णाला सहसा फायदा होत नाही. औषधांना न जुमानणारे जिवाणू मात्र वाढतात.

आता हा आजार मोजायचा कसा? रुग्णालयातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक रुग्णाचे निदान संकेतांकात लिहिण्याची पद्धत जगभर आहे. तिचे मूळ जाक बर्तियाँ यांनी १८९३ मध्ये मांडलेल्या मृत्युकारणांच्या यादीत सापडते. १९४८ मधील सहाव्या आवृत्तीपासून ही यादी जागतिक आरोग्य संघटनेकडे आली आणि तीत मृत्यूंबरोबर आजारही आले. दहावी आवृत्ती १९९० मध्ये मंजूर झाली. भारतात मृत्यूच्या कारणांची वर्गवारी याच दहाव्या आवृत्तीने करतात. अमेरिकेने तिच्यावर आणखी बारकावे चढवून १ ऑक्टोबर २०१५ पासून ती रुग्णालयांत लागू केली. पुढचे उदाहरण या अमेरिकी रूपातले आहे.

संकेतांक असा: टी८३.५११ए. पिनकोडप्रमाणे तो डावीकडून वाचत जावा. पिनकोडात ४११ म्हटले की पुणे आणि ४०३ म्हटले की गोवा. इथेही प्रत्येक स्थान क्षेत्र अरुंद करत नेते. ‘टी’ म्हणजे इजा, विषबाधा आणि बाह्य कारणांचे परिणाम यांचे प्रकरण. टी८३ म्हणजे मूत्र व जननसंस्थेत बसवलेल्या उपकरणांमुळे झालेल्या गुंतागुंती. पुढचा ५ सांगतो की ही गुंतागुंत संसर्गाची किंवा दाहाची आहे. तिथे ० असता तर नळी तुटणे, सरकणे, गळणे अशी यांत्रिक बाब ठरली असती. त्यापुढचा १ मूत्रनळीसाठी, आणि शेवटचा १ मूत्रमार्गातून बसवलेल्या नळीसाठी. पोटाच्या भिंतीतून मूत्राशयात घातलेल्या नळीला तिथे ० येतो, मूत्रपिंडात घातलेलीला २. सातव्या स्थानावरील ‘ए’चा अर्थ बरेच जण ‘पहिली भेट’ असा घेतात. खरे तर, त्या त्रासावर सध्या सक्रिय उपचार चालू आहेत, एवढेच तो सांगतो.

यात एक गंमत आहे. ऑक्टोबर २०१६ पूर्वी नळ्यांचे हे पोटभेद नव्हते, म्हणून सहावे स्थान रिकामे होते. पण ‘ए’ तर सातव्याच स्थानावर हवा! मग मधे ‘एक्स’ घालून टी८३.५१एक्सए असे लिहीत. १०५ मधील शून्य जे काम करते, तेच हा ‘एक्स’ करतो: स्वतः काही सांगत नाही, पण बाकीच्यांना आपापल्या जागी ठेवतो.

हा संकेतांक डॉक्टर स्वतः लिहीत नाहीत. रेकॉर्ड विभागातील प्रशिक्षित कर्मचारी केसपेपर वाचून तो लावतात, आणि त्यांना स्वतःच्या मनाने निष्कर्ष काढण्याची मुभा नसते. ‘नळी असताना मूत्रमार्गाचा संसर्ग झाला’ एवढेच लिहिले असेल तर त्यांनी साध्या मूत्रसंसर्गाचा संकेतांक, एन३९.०, लावायचा. ‘नळीमुळे संसर्ग झाला’ असे डॉक्टरांनी नोंदवले असेल तरच टी८३.५११ए. सारा फरक ‘-मुळे’ या एका प्रत्ययाचा आहे. नियम रास्त आहे, कारण एकापाठोपाठ एक घडलेल्या दोन गोष्टींत कार्यकारणभाव असतोच असे नाही. परंतु घाईत लिहिलेल्या केसपेपरात हा प्रत्यय फार क्वचित उमटतो.

त्याची किंमत अमेरिकेत आकड्यांत दिसली. १ ऑक्टोबर २००८ पासून तेथील सरकारी विमा योजनेने, मेडिकेअरने, नियम केला की रुग्णालयातच झालेल्या नळीच्या संसर्गासाठी रुग्णालयाला जादा पैसे मिळणार नाहीत. हेतू चांगला होता, पण मोजमाप जुन्या नवव्या आवृत्तीतील संकेतांकावर, ९९६.६४ वर, अवलंबून होते. जेनिफर मेडिंग्ज व सहकाऱ्यांनी मिशिगन राज्यातील रुग्णालयांच्या नोंदी तपासून २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. २००९ मधील ७,८१,३४३ रुग्णभरतींपैकी फक्त २५ भरतींत या नियमाने पैसे कमी झाले होते. मूत्रसंसर्गाच्या नोंदी भरपूर होत्या; नळीचा उल्लेख असलेल्या नगण्य. या नोंदींवरून रुग्णालयांची तुलना करणे म्हणजे, आमच्या मते, कोणाचे अक्षर कसे आहे यावरून गणिताचे गुण देण्यासारखे आहे.

म्हणून संसर्ग-नियंत्रणाचे काम करणारे संकेतांकांवर विसंबत नाहीत. ते वॉर्डात जाऊन मोजतात: नळी सलग दोन दिवसांहून अधिक होती का, ताप ३८ अंश सेल्सिअसच्या वर गेला का किंवा दुसरे लक्षण होते का, आणि लघवीच्या एका मिलिलिटरमध्ये निदान एक लाख जिवाणू वाढले का. मग संसर्गांच्या संख्येला ‘नळी-दिवसांनी’ भागतात. दहा रुग्णांना प्रत्येकी तीन दिवस नळी असेल तर तीस नळी-दिवस झाले.

या अपूर्णांकातही एक खाच आहे, आणि ती आठवी-नववीच्या मुलांना सहज कळेल. समजा एका रुग्णालयात महिन्याला १००० नळी-दिवस आणि ४ संसर्ग आहेत. दर झाला हजारी ४. परिचारिकांनी रोज विचारायला सुरुवात केली, ‘या रुग्णाला नळी अजून हवी आहे का?’ अनावश्यक नळ्या निघाल्या. नळी-दिवस ५०० झाले आणि संसर्ग ३. एक रुग्ण वाचला, पण दर मात्र हजारी ६ झाला! ज्यांच्या नळ्या उरल्या ते जास्त आजारी, जास्त धोक्यातले; छेद अंशापेक्षा वेगाने घटला. केवळ दर पाहणारा अधिकारी या रुग्णालयाला जाब विचारील. म्हणून नळी किती रुग्णांना, किती दिवस लावली जाते हा आकडाही शेजारी मांडावा लागतो.

१ जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या अकराव्या आवृत्तीत उपचारांतून झालेली हानी तीन भागांत लिहितात: काय हानी झाली, कशामुळे झाली आणि कोणत्या प्रकारे झाली. तिन्ही संकेतांक एका साखळीत जोडले जातात. साध्या मूत्रसंसर्गाच्या नोंदीला नळीची कडी जोडायची सोय त्यामुळे झाली. ती कडी जोडायची की नाही हे मात्र अजूनही केसपेपरावर डॉक्टरांनी काय लिहिले आहे त्यावरच ठरते.