येरवड्याची पेटी

बंद असली की मारवाड्याच्या हिशेबाच्या पेटीसारखी दिसते. कडी काढून झाकण उघडले की आत दोन चक्रे आडवी बसवलेली, एक मोठे, एक लहान. मोठ्या चक्राची माळ लहानाच्या कप्पीवर, लहानाची माळ चात्यावर. मोठे चक्र हाताने सावकाश फिरवायचे. मधले लहान चक्र वेग वाढवते आणि चाते भिरभिरू लागते. उभ्या चरख्याच्या भल्यामोठ्या चाकाचे काम दोघांत वाटले गेल्याने सगळा संसार काखोटीला मारता येतो. हे येरवडा चक्र. लोकांच्या तोंडी पेटी चरखा.

नागपूर जिल्ह्यातला आमचा सावनेर तालुका कापसाचा. कापूस इथे क्विंटलच्या हिशेबात बोलला जातो. पिंजलेल्या कापसाचा पेळू हाताने ओढून तार काढायची आणि ६४० तारा झाल्या की एक गुंडी धरायची, हा हिशेब आता फार थोड्यांना ठाऊक असेल.

चरखा सुधारावा म्हणून गांधीजींच्या चरखा संघाने १९२९ साली एक लाख रुपयांचे बक्षीस लावले होते. ते कुणालाच मिळाले नाही. मिठाच्या सत्याग्रहात मे १९३० मध्ये गांधीजी पुण्याच्या येरवडा तुरुंगात गेले, पुढे काही महिने त्यांचे सहकारी काकासाहेब कालेलकर सोबतीला होते. त्या कारावासात गांधीजींनी कताईवर आणि चरख्यावर खटपट चालवली आणि या सुटसुटीत चरख्याला तुरुंगाचेच नाव पडले. बक्षिसाच्या आमिषाने जे झाले नाही ते कोठडीतल्या रिकाम्या वेळाने बरेचसे साधले, असे मला वाटते.

१९३२ साली त्याच तुरुंगात सरदार पटेल होते. ते टाकाऊ कागदाचे लिफाफे करत बसत. गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई यांच्या डायरीत ते काम नोंदले गेले आहे. अर्थात, सगळ्याच कैद्यांच्या वाट्याला असे मनाजोगे काम येत नव्हते. अंदमानात कोलू होता आणि त्यातून निघणाऱ्या तेलाचा हिशेब जेलर ठेवत असे. अंगावर टाकलेले काम आणि आपण होऊन हाती घेतलेले काम यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

गांधीजींना हातकामाचा हा नाद जुना. दक्षिण आफ्रिकेत चपला शिवायला त्यांना शिकवले ते हरमान कॅलनबाख या ज्यू मित्राने. तिथल्या तुरुंगात शिवलेला एक जोड त्यांनी १९१४ मध्ये, ज्यांच्या सरकारने त्यांना तुरुंगात टाकले त्या जनरल स्मट्स यांना दिला. १९३९ साली, गांधीजींच्या सत्तरीला, स्मट्सनी तो परत पाठवला.

त्यानंतर थोड्याच वर्षांत कॅलनबाखच्या जातभाईंवर युरोपात नाझींच्या हातून जे गुदरले, त्यातही हातांनी वस्तू घडवल्या. चेक प्रदेशातल्या तेरेझिनच्या घेट्टोत १९४३ साली ओस्वाल्ड प्योक यांनी मुलांसाठी मोनोपॉलीचा पट काढला. त्यावरच्या घरांना नावे होती ती घेट्टोतल्याच जागांची. खेळता खेळता पोरांना आपण कुठे आहोत हे कळावे, हाही त्यात हेतू. १९४४ च्या सप्टेंबरात प्योकना आउश्वित्झच्या छळछावणीत पाठवले, तिथून ते परतले नाहीत. पट वाचला, आज तो जेरुसलेमच्या याद वाशेम या स्मारक-संग्रहालयात आहे. तेरेझिनमधल्याच चित्रकार बेद्रिख फ्रिटा यांनी मुलाच्या तिसऱ्या वाढदिवसाला, जानेवारी १९४४ मध्ये, चित्रांचे पुस्तक केले. त्याच उन्हाळ्यात चोरून काढलेल्या चित्रांपायी फ्रिटा आणि त्यांचे चित्रकार सोबती पकडले गेले. फ्रिटा आउश्वित्झमध्ये वारले. लपवलेले पुस्तक युद्धानंतर मुलाला मिळाले.

येरवडा आणि तेरेझिन एका तागडीत घालू नयेत. येरवड्यात कैद्याला चरखा ठेवता येत होता, बाहेर पत्र धाडता येत होते, सुटकेची आशा होती. तेरेझिनमध्ये कागद-पेन्सिल वापरून खरे काढणे हाच गुन्हा होता. साम्य असेल तर एवढेच, की पहारेकऱ्याने न सांगितलेले काम माणूस जीव ओतून करत होता.

आता पुन्हा चरख्याकडे. फ्लॉइड पफर या अमेरिकन मिशनऱ्याला गांधीजींनी दिलेला येरवड्याचा चरखा २०१३ च्या नोव्हेंबरात इंग्लंडमधल्या लिलावात १ लाख १० हजार पौंडांना गेला. तेवढे पैसे न मोजता जुने चरखे पाहायचे तर वर्ध्याचे मगन संग्रहालय आहे, १९३८ पासून. आणि तुमच्या माळ्यावर आजोबांची अशी पेटी पडून असेल, तर भंगारवाल्याला देऊ नका. माळ बदला, चात्याला तेल द्या, आणि ठेवायला जागाच नसेल तर ती पेटी वर्ध्याला नेऊन दाखवा.